सिनियर गाऊन आणि ड्राफ्टची लेखणी: अपेलेट साइडच्या एका वकीलबाईंचं प्रकरण

या प्रकरणातल्या वकीलबाई आणि मंडई रचलेल्या आहेत. नियम, निवाडे आणि मुंबई हायकोर्टातली कामाची रीत मात्र खरी आहे.

वकीलबाईंचं वय ४७, सनद मिळून २२ वर्षं झालेली. चर्चगेटच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून पदवी, मग अपेलेट साइडच्या (हायकोर्टात अपिलं आणि मुंबईबाहेरचे रिट अर्ज चालतात ती बाजू) एका जुन्या वकिलांकडे सात वर्षं ज्युनियर, त्यानंतर काही वर्षं सहायक सरकारी वकील आणि तेव्हापासून स्वतंत्र. काम जवळजवळ सगळं सरकारशी भांडण्याचं: जात पडताळणी समितीने अवैध ठरवलेले दाखले, शिक्षकांच्या वैयक्तिक मान्यता, मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) निकालावरचे रिट अर्ज, भूसंपादन, महापालिकेच्या नोटिसा. फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीत दीड खोलीचं ऑफिस, दोन ज्युनियर, एक क्लार्क. ज्युनियर प्रिसेपी (प्रकरण सुनावणीला घेण्याची लेखी विनंती) टाकतात, बोर्ड (कोर्टाची रोजची यादी) बघतात, तारखा घेतात. ड्राफ्ट मात्र बाई स्वतः करतात.

एकाच महिन्यात तीन गोष्टी समोर आल्या. हायकोर्टाने सिनियर डेसिग्नेशनसाठी, म्हणजे ‘सिनियर ॲडव्होकेट’ या मानासाठी (बारच्या बोलीत ‘सिनियर गाऊन’), अर्ज मागवले आणि एका माजी न्यायमूर्तींनी ‘आता भरून टाका’ असं सुचवलं. कोल्हापूरचं सर्किट बेंच (हायकोर्टाचं तिथे बसणारं पीठ) सुरू झाल्यामुळे बाईंच्या कपाटातल्या सातारा आणि रत्नागिरीच्या फायली तिकडे गेल्या. आणि एका मंडईतल्या मासेविक्रेत्या महिला सात दिवसांची नोटीस घेऊन ऑफिसात येऊन बसल्या.

प्रश्न वरवर पाहता सोपा होता: अर्ज करायचा की नाही? बारमध्ये याला कोणी प्रश्नच मानत नाही. मिळत असेल तर घ्यायचं, एवढंच. आमच्या मते पब्लिक लॉ (सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्धची प्रकरणं) करणाऱ्या अपेलेट साइडच्या वकिलाने हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

एकच गाऊन, दोन बाजूंना दोन किमती

मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला (मुंबईतली प्रकरणं थेट हायकोर्टात चालतात ती बाजू) बॅरिस्टर आणि सॉलिसिटर ही विलायती विभागणी दीर्घकाळ टिकली. ॲटर्नींचा वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने संपला, पण रीत राहिली. तिथला काउन्सेल (उभा राहून मांडणारा वकील) आजही बहुतेक वेळा सॉलिसिटर फर्मकडून ब्रीफ (प्रकरणाचे कागद आणि मांडण्याचं काम) घेतो. पक्षकार फर्मचा, वकालतनामा फर्मचा, कागदपत्रं फर्म गोळा करते. अशा काउन्सेलला सिनियर गाऊन मिळाला तर फी वाढते, खुर्ची पुढे सरकते. दिनक्रम फारसा बदलत नाही.

अपेलेट साइडला ही विभागणी मुळातच नाही. तिथला वकील पक्षकाराला भेटतो, वकालतनामा घेतो, अर्ज लिहितो, दाखल करतो, ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयाने दाखवलेल्या त्रुटी) काढतो आणि उभा राहून मांडतोही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ खाली डेसिग्नेशन मिळालं की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी यातली बहुतेक कामं त्याच दिवशी बंद होतात. वकालतनामा दाखल करता येत नाही. सोबत दुसरा वकील नसेल तर उभं राहता येत नाही. पक्षकाराकडून थेट ब्रीफ किंवा सूचना घेता येत नाहीत. प्लीडिंग (अर्ज, कैफियत वगैरे) किंवा प्रतिज्ञापत्र लिहून देण्याचं काम स्वीकारता येत नाही. दुसऱ्या वकिलाने केलेला ड्राफ्ट त्याच्याशी चर्चा करून ‘सेटल’ करणं, म्हणजे तपासून पक्का करणं, तेवढं चालतं. आधीपासून चालवत असलेल्या प्रकरणांतही सोबत दुसरा वकील नेमावा लागतो. बदल्यात कलम २३ खालचा, आधी बोलण्याचा अग्रक्रम मिळतो, न्यायासनाचं लक्ष मिळतं, आणि दुसरे वकील ब्रीफ देऊ लागतात. लागले तर.

बाईंच्या फीचा मोठा भाग ड्राफ्टिंग आणि दाखल करण्याच्या टप्प्यावर येतो. शिक्षक किंवा दाखला अवैध ठरलेला विद्यार्थी एकाच वकिलाला एकदाच पैसे देऊ शकतो. सिनियर आणि सोबतचा वकील अशा दोन फिया हा वर्ग देणार नाही. म्हणजे ज्या कामाने नाव झालं तेच काम डेसिग्नेशननंतर आधी दाराबाहेर जाणार.

मंडईची फाइल

डेसिग्नेशनने नेमकं काय हातातून जातं हे मंडईच्या अर्जावरून कळतं, म्हणून तो थोडा तपशिलात पाहू.

महापालिकेच्या नोटिशीत म्हटलं होतं: इमारत सी-१ वर्गात आहे, म्हणजे रिकामी करून तातडीने पाडण्याजोगी, परवानाधारकांनी सात दिवसांत गाळे सोडावेत. पर्यायी जागेबद्दल एक ओळही नव्हती. विक्रेत्यांच्या संघाने आधीच एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली होती. तो अहवाल सी-२बी म्हणत होता, म्हणजे लोकांना न हलवता दुरुस्ती शक्य. दोन अहवाल परस्परविरोधी असले की प्रकरण टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटीकडे जायला हवं, आणि पाडण्याआधी प्रत्येकाच्या जागेचं मोजमाप करून यादी ठेवायला हवी. मोडकळीला आलेल्या इमारतींबाबत हायकोर्टाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा हा गाभा आहे.

बायका पाचव्या दिवशी आल्या. आधीचे चार दिवस नगरसेवकपदाच्या इच्छुकांच्या बैठकांत गेले होते. असं नेहमी होतं, आणि त्याची किंमत मोठी असते. रमणा दयाराम शेट्टी प्रकरण याच शहरातलं, विमानतळावरच्या रेस्टॉरंट आणि स्नॅक बारच्या टेंडरचं. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे, हा मोठा सिद्धांत सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये त्यात मांडला. पण अर्जदाराला स्वतःला काही मिळालं नाही, कारण तो पाच महिन्यांहून जास्त थांबला होता आणि तोवर कंत्राटदाराने पैसे घातले होते. सिद्धांत जिंकला, अर्जदार हरला. पब्लिक लॉमध्ये नव्या ज्युनियरला पहिल्या आठवड्यात हे प्रकरण वाचायला द्यावं, आणि पहिल्या पानाऐवजी शेवटच्या पानांपासून.

बाईंनी त्या संध्याकाळी काय केलं? कायद्याच्या पुस्तकाला हात लावला नाही. आधी तारखांची यादी केली: परवाना कधीचा, शेवटचं नूतनीकरण कधी, तपासणी कोणत्या दिवशी, अहवालावर सही कोणाची, नोटीस चिकटवली की हातात दिली. प्रत्येक तारखेसमोर कागद, आणि कागद नसेल तर रिकामी जागा. मग प्रेयर, म्हणजे कोर्टाकडे करायच्या मागण्या, लिहिल्या. अर्जाचा मजकूर त्यानंतर. बरेच वकील उलट जातात: तीस पानं राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ वर (समानता आणि जीविताचे हक्क) लिहितात आणि शेवटी ‘नोटीस रद्द करावी’ एवढं मागतात. सी-१ इमारतीच्या बाबतीत ते आत्मघातकी आहे. उद्या इमारत कोसळली तर काय, हे न्यायाधीशांच्या मनात पहिल्या मिनिटापासून असतं. नुसती स्थगिती मागितली तर बहुधा ‘स्वतःच्या जबाबदारीवर राहतो’ असं हमीपत्र मागितलं जातं, आणि मासळी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांची हमी विक्रेत्या देऊ शकत नाहीत.

म्हणून प्रेयर पायऱ्यांचे केले. आधी कमिटीकडे दोन्ही अहवाल पाठवावेत. तोवर गाळ्यांचं मोजमाप करून सही-शिक्क्याची यादी द्यावी. कमिटीनेही सी-१ म्हटलं तर अमुक अंतराच्या आत, पाणी आणि ड्रेनेज असलेली तात्पुरती जागा द्यावी. नव्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा हक्क नोंदवावा. नोटीस रद्द करण्याची मागणी होती, पण ॲड-इंटरिमची (तातडीच्या तात्पुरत्या आदेशाची) भिस्त तिच्यावर ठेवली नाही. कोर्टाला ‘हो’ म्हणायला सोपी अशी एक तरी पायरी अर्जात असावी लागते.

अर्ज बृहन्मुंबईतला, म्हणून ओरिजिनल साइडला दाखल झाला. ई-फाइलिंग, मग सकाळी अर्जंट मेन्शनिंग, म्हणजे तातडीने सुनावणी घ्यावी अशी कोर्टाला तोंडी विनंती. मेन्शनिंगला बोलायला मिनिटभरही मिळत नाही. ‘माय लॉर्ड, नोटीस सात दिवसांची, आज सहावा दिवस’ एवढंच वाक्य पुरतं. आदल्या संध्याकाळीच समोरच्या वकिलांना प्रत पोचवून पोच घेतली होती. ती नसती तर ‘सर्व्ह करा, उद्या या’ हे उत्तर ठरलेलं, आणि उद्या म्हणजे सातवा दिवस.

खरी कसोटी पुढे आली. उत्तराचं प्रतिज्ञापत्र सुनावणीच्या आदल्या रात्री मिळालं, आणि त्यात नवीच कारणं: काही परवान्यांचं शुल्क थकलेलं आहे, काही गाळे मूळ परवानाधारकांच्या ताब्यात नाहीत. नोटिशीत यातला एकही शब्द नाही. इथे बाईंचा अनुभव कामी आला, कारण सरकारी बाजूने असली प्रतिज्ञापत्रं त्यांनी स्वतः तयार केली होती. या सवयीला उत्तरही मुंबईच्याच एका प्रकरणात आहे. अंधेरीतल्या थिएटरची परवानगी पोलीस कमिशनरनी १९४७ मध्ये दिली आणि मग सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली. निर्णय आपलाच होता हे स्पष्टीकरण नंतर आलं. गोरधनदास भानजी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सार्वजनिक आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा असतो, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात कृष्ण अय्यरांनी हाच धागा पुढे नेला: आदेशात नसलेली कारणं प्रतिज्ञापत्राने भरता येत नाहीत.

निवाडा माहीत असून भागत नाही. रात्री अकरा ते दोनमध्ये चार पानांचा रिजॉइंडर (समोरच्याच्या उत्तराला प्रत्युत्तर) लिहिताना कोणता परिच्छेद नाकारायचा, कोणत्याला ‘आदेशात नाही’ म्हणायचं आणि कोणता मुकाट मान्य करायचा, हे ठरवावं लागतं. थकबाकी तीन जणींची खरी होती. बाईंनी ती मान्य केली, भरल्याच्या पावत्या जोडल्या आणि उरलेल्यांचं प्रकरण त्यापासून वेगळं केलं. सगळंच नाकारलं असतं तर तीन जणींच्या खोटेपणात बाकीच्या सगळ्या बुडाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी युक्तिवाद वीस मिनिटांत आटोपला. कोर्टाने अहवाल कमिटीकडे पाठवायला आणि मोजमाप करायला सांगितलं, आणि तोवर गाळे न पाडण्याचं महापालिकेच्या वकिलांचं स्टेटमेंट नोंदवून घेतलं.

आता गाऊन अंगावर आहे असं धरून तीच रात्र पाहा. रिजॉइंडर बाई लिहू शकत नाहीत. तो ज्युनियर लिहील, बाई ‘सेटल’ करतील. ज्युनियरला तीन जणींची थकबाकी मान्य करण्याचं धाडस होईल का? बहुतेक नाही; तो सगळं नाकारेल, आणि रात्री एक वाजता मुळापासून बदलायला वेळ उरणार नाही. मुळात त्या बायका थेट ऑफिसात येऊन बसूच शकल्या नसत्या.

अर्जात दिसतं ते आणि दिसत नाही ते

डेसिग्नेशनची पद्धत गेल्या काही वर्षांत तीनदा बदलली. इंदिरा जयसिंग प्रकरणात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० गुणांची पद्धत आणली: वकिलीच्या वर्षांना २०, निवाडे, विनामोबदला काम वगैरेंना ४०, प्रकाशनांना १५, मुलाखतीला २५. २०२३ मध्ये निवाड्यांचे गुण ५० आणि प्रकाशनांचे ५ झाले. मग १३ मे २०२५ ला, मूळच्या मुंबई हायकोर्टाच्या न्या. अभय ओक यांच्या पीठाने गुणपद्धतच काढून टाकली. निर्णय आता फुल कोर्टाचा (हायकोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांचा), शक्यतो एकमताने, नाहीतर मतदानाने. किमान १० वर्षांची वकिली हवी, वर्षातून निदान एकदा ही प्रक्रिया व्हावी, आणि बाकीचे नियम हायकोर्टांनी करायचे. वकिलाने अर्ज करण्याची रीत चालू राहिली. योग्य वकिलाला अर्जाशिवायही मान देता येतो.

गुण गेले, पण निवाड्यांचा गठ्ठा लागतोच, आणि तिथे पब्लिक लॉच्या वकिलाची पंचाईत होते. बाईंचे सर्वात मोठे विजय दोन पानांचे आहेत: ‘आदेश रद्द, समितीने नव्याने सुनावणी घेऊन अमुक आठवड्यांत निर्णय द्यावा.’ पक्षकाराला नोकरी परत मिळाली, पण असा आदेश रिपोर्टरमध्ये (निवाड्यांच्या छापील संग्रहात) छापला जात नाही. जिथे मोठा निवाडा झाला तिथे ऐन सुनावणीला बाहेरून सिनियर आणलेले. आदेशाच्या डोक्यावर त्यांचं नाव, खाली ‘अमुक यांच्यासह’ म्हणून बाईंचं. ड्राफ्ट कोणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सरकारी वकील असतानाची प्रकरणं तर हरलेलीच जास्त, जरी युक्तिवाद चांगले असले तरी.

यावर उपाय सांगतो. निवाड्यांच्या यादीत प्रत्येक प्रकरणापुढे दोन ओळींत कायद्याचा मुद्दा आणि आपला वाटा लिहावा. रिमांडचे (प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवणारे) आदेश वगळू नयेत. समितीचा पुढचा निर्णय मिळाला तर सोबत लावावा. हरलेलं प्रकरण, ज्यात कोर्टाने आपला मुद्दा नोंदवून मग नाकारला, तेही चालतं. आणि ही यादी अर्जाच्या महिन्यात करायची नसते. वर्षभर दर शुक्रवारी क्लार्ककडून आठवड्याचे आदेश काढून एका फोल्डरात टाकत गेलं तर पुढे घाम फुटत नाही.

कोल्हापूरचा हिशेब

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. पक्षकारांच्या दृष्टीने ते उत्तमच झालं; रत्नागिरीच्या शिक्षकाला तारखेसाठी मुंबईत लॉजवर उतरावं लागणं हा प्रकार कधीच संपायला हवा होता. पण मुंबईतल्या अपेलेट साइडच्या वकिलाचं नियमित, छोटं, हमखास काम त्याने आटलं.

बाईंना अर्ज सुचवणाऱ्यांचा तर्क असा की छोटं काम असंही चाललंच आहे, तर मोठ्याकडे वळा. शिवाय कोल्हापूरचे वकील अवघड प्रकरणाला मुंबईतून सिनियर बोलावतील. पहिला भाग पटतो. दुसऱ्यावर आमचा फारसा विश्वास नाही. नवं बेंच आलं की स्थानिक बार स्वतःचे मोठे वकील घडवतो. नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांकडे पाहिलं तर हेच दिसेल. मुंबईच्या सिनियरांना बोलावणं येईल, पण पहिली काही वर्षं आणि तेही ठरावीक नावांना.

काय ठरलं

बाईंनी त्या फेरीत अर्ज केला नाही. पुढच्या फेरीत करायचा असं ठरवलं, आणि मधलं वर्ष एकाच कामाला दिलं: आपल्याशिवाय ड्राफ्ट होईल अशी माणसं तयार करणं.

दोन ज्युनियरपैकी एक धीट होती, भाषा कच्ची. दुसऱ्याचं इंग्रजी सफाईदार, पण कागद वाचायचा कंटाळा. पहिलीकडे तारखांची यादी आणि प्रेयर सोपवले, दुसऱ्याकडे रिजॉइंडर. उलट वाटेल, पण कारण आहे: यादी करायला भाषा लागत नाही, चिकाटी लागते, आणि रिजॉइंडर लिहायचा तर समोरचं प्रतिज्ञापत्र ओळीओळीने वाचावंच लागतं, सुटका नसते. नियम एकच केला. बाईंच्या टेबलावर ड्राफ्ट येईल तो यादीसह येईल, आणि बाई लाल पेनने फक्त समासात लिहितील, मजकुरात नाही. पहिले तीन-चार महिने काम दुप्पट झालं आणि दोन अर्जांना ऑफिस ऑब्जेक्शन लागली: एकात एक्झिबिटचे पानक्रमांक चुकले, दुसऱ्यात मराठी कागदांची भाषांतरं राहिली. तरी बाईंनी लेखणी परत घेतली नाही. समासात बसूनही उंटावरून शेळ्या हाकता येतात, हा धोका होताच. म्हणून पक्षकाराच्या पहिल्या भेटीला ज्युनियर हजर असलाच पाहिजे, ही अटही घातली.

दुसरं, फायलींची वाटणी. चालू प्रकरणांचे तीन ढीग झाले. अंतिम सुनावणीला आलेली: ज्युनियरच्या नावाने नवा वकालतनामा, बाईंची ना-हरकत, डेसिग्नेशननंतर बाई युक्तिवादाला. नुकतीच दाखल झालेली: पूर्ण ज्युनियरकडे, पक्षकाराला समोर बसवून सांगून. फोनवर सांगितलेलं पक्षकाराला टाकून दिल्यासारखं वाटतं. तिसरा ढीग जुन्या, पैसे न देऊ शकणाऱ्या पक्षकारांचा. यांना सिनियर फुकट मिळेल, पण सोबतच्या वकिलाचा आणि टायपिंग-झेरॉक्सचा खर्च कोण करणार? इथे लीगल सर्व्हिसेस ऑथॉरिटीज ॲक्ट, १९८७ चं कलम १२ उपयोगी पडतं. त्याखाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता विधी साहाय्य मिळतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही. मंडईतल्या सगळ्या विक्रेत्या त्यात बसतात. हायकोर्ट लीगल सर्व्हिसेस कमिटीकडे अर्ज करून त्यांचं पुढचं काम कमिटीच्या पॅनेलवर असलेल्या वकिलांकडे देता येईल आणि बाई मोबदल्याशिवाय मांडू शकतील. विधी साहाय्य म्हणजे दुय्यम वकील, हा समज बऱ्याच पक्षकारांत असतो. तो आधी बोलून दूर करावा लागतो.

फीचं गणितही बसवलं. नियमांप्रमाणे सिनियरला सोबतच्या वकिलाच्या कामाबद्दल स्वतःकडून योग्य वाटेल ती फी देता येते. बाईंनी डेसिग्नेशननंतरची पहिली दीड वर्षं ज्युनियरांना ठरावीक मासिक रक्कम धरली, ब्रीफ येवोत न येवोत, आणि तेवढी शिल्लक आधी बाजूला काढली. आमच्या पाहण्यात अपेलेट साइडचे नवे सिनियर अडचणीत येतात ते इथेच. गाऊन आल्यावर छोटे पक्षकार महिन्याभरात जातात, दुसऱ्या वकिलांची ब्रीफं यायला वर्ष लागतं, आणि मधल्या काळात चांगला ज्युनियर दुसरीकडे जातो.

मंडईचा अर्ज अजून बोर्डावर आहे. कमिटीचा अहवाल आला: सी-२ए, म्हणजे इमारत पाडायची नाही, पण रिकामी करून मोठी दुरुस्ती. आता वाद तात्पुरत्या जागेच्या क्षेत्रफळाचा आणि पाण्याच्या नळांचा आहे. त्यावरचं अतिरिक्त प्रतिज्ञापत्र दोघा ज्युनियरांनी मिळून केलं. समासात लाल पेनच्या खुणा अकरा, आणि त्यातल्या सात प्रेयरपाशी.